जुनं आर्केड कॅबिनेट घरी दुरुस्त करताना: आधी वीज, मग लाकूड, रंग सगळ्यात शेवटी

जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, घरात आलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. मशीन १९८०च्या सुमाराचं असेल तर त्यातले कपॅसिटर कोरडे पडलेले असतात, कनेक्टर काळवंडलेले असतात, आणि मधल्या वर्षांत कोणी आत काय जोडून ठेवलंय ते बाहेरून दिसत नाही. ५ व्होल्टच्या जागी ७ व्होल्ट गेले तर बोर्डावरचे डझनभर आयसी (चिप) क्षणात जातात, आणि त्यातले बरेचसे आता कोणी बनवत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: वीजपुरवठा, गेम बोर्ड, मॉनिटर, बटणं आणि जॉयस्टिक, मग लाकूड आणि शेवटी रंग. बहुतेक नवशिके रंगापासून सुरुवात करतात, कारण तेच काम डोळ्यांना दिसतं. मग मॉनिटर चार वेळा काढताघालताना ताजा रंग ओरबाडला जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

हत्यारं फार लागत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर, तापमान ठरवता येईल अशी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायचा पंप, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लांब पात्याचा इन्सुलेटेड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही टोकांना क्लिप असलेली जाड वायर, डोळ्यांवर चष्मा, मास्किंग टेप आणि मार्कर. शिवाय १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब आणि होल्डर; एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तो कशासाठी ते पुढे येईल.

मशीन नेमकं कोणतं आहे

मागच्या बाजूला धातूची किंवा कागदाची सिरियल नंबरची पट्टी शोधा. समोरच्या पाटीवर एका गेमचं नाव आणि पट्टीवर दुसऱ्याचं असं पुष्कळदा निघतं, कारण १९८०च्या दशकात जुना गेम चालेनासा झाला की मालक त्याच कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवत आणि बाजूंवर काळा रंग फासत. त्या काळ्या रंगाखाली मूळ चित्रं शाबूत असू शकतात. म्हणून ओळख पटेपर्यंत पॉलिश पेपर हातात घेऊ नका. कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग गरम हवेच्या गनने हळू तापवून प्लॅस्टिकच्या पट्टीने वरचा थर उचलून पाहा. खालून पिवळा किंवा निळा रंग डोकावला तर तुमच्या कामाची दिशाच बदलते.

कॅबिनेट पूर्ण असेल, म्हणजे मूळ बोर्ड, मूळ मॉनिटर आणि मूळ कंट्रोल पॅनेल जागेवर असेल, तर त्याची आतडी काढून संगणक बसवू नका. एमुलेटरसाठी, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, रिकामे, वाताहत झालेले खोके मिळतात. पूर्ण मशीन मात्र दर वर्षी कमीच होत जातात.

मेन व्होल्टेजही याच वेळी बघून घ्या. जपानसाठी बनलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेसाठीचं ११५ ते १२० व्होल्टचं. काही ट्रान्सफॉर्मरवर २३० व्होल्टचा टॅप दिलेला असतो. नसेल तर योग्य वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर ट्यूबचा चार्ज

प्लग काढलेला आहे ना, हे डोळ्यांनी बघा. मागचं दार उघडा आणि प्रत्येक कनेक्टरचे दोन कोनांतून फोटो काढा. सोडवण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली टेप चिकटवा. वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत लाल वायरला हिरवी जोडलेली असतेच. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घाला आणि पिशवीवर जागा लिहा. मग ब्रश आणि व्हॅक्यूमने धूळ काढा. उंदरांची घाण दिसली तर कोरडी झाडू नका, आधी जंतुनाशकाने ओली करा आणि मास्क घाला. पेटीच्या तळाशी सापडलेले स्क्रू, स्प्रिंगा आणि प्लॅस्टिकचे तुकडे फेकू नका. बहुतेक वेळा ते याच मशीनचे असतात.

आता पिक्चर ट्यूब. १९ इंची रंगीत मॉनिटरच्या अॅनोडवर (ट्यूबच्या हाय व्होल्टच्या टोकावर) चालू असताना २०,००० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखी वागते. प्लग काढल्यावर कितीतरी वेळ हा चार्ज टिकू शकतो. घरात दुसरं माणूस जागं आणि जवळ असेल तेव्हाच हे काम करा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा आणि चष्मा घाला.

वायरची एक क्लिप ट्यूबच्या मागच्या काळ्या भागावरून जाणाऱ्या उघड्या, वेणीसारख्या विणलेल्या अर्थच्या तारेला लावा. दुसरी क्लिप स्क्रू ड्रायव्हरच्या धातूच्या दांड्याला. डावा हात पाठीमागे धरा. म्हणजे चुकून धक्का बसलाच तरी वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीतून जाणार नाही. ट्यूबच्या वरच्या अंगाला वाटीसारखा रबरी कप दिसतो आणि त्यात जाड वायर शिरते. कपाच्या कडेखालून स्क्रू ड्रायव्हरचं टोक अलगद सरकवत न्या, आतल्या धातूच्या क्लिपला टेकेपर्यंत. चट् असा आवाज येईल किंवा येणारही नाही. काही मॉनिटरमध्ये चार्ज आपोआप उतरतो. आवाज आला नाही म्हणून सोडून देऊ नका, टोक धातूला लागल्याची खात्री करा. दहा मिनिटांनी हेच पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला थोडा चार्ज परत वर येतो.

ट्यूबची मान पेनाएवढ्या हलक्या धक्क्यानेही तुटते. मान तुटली की हवा आत शिरते आणि ट्यूब कायमची गेली. मॉनिटर उचलताना हात लोखंडी चौकटीलाच लावा.

मॉनिटरच्या बोर्डावर एक मोठा फिल्टर कपॅसिटर असतो. त्याचा चार्ज ट्यूबपेक्षा वेगळा आणि तोही धोक्याचा. मल्टिमीटर डीसीच्या वरच्या रेंजवर ठेवून त्याची दोन टोकं मोजा. १० व्होल्टहून जास्त दिसले तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी अर्धा-एक मिनिट त्यावर जोडा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट केलं तर कपॅसिटर आणि बोर्डाची तांब्याची पट्टी दोन्ही जळू शकतात.

वीजपुरवठा

गेम बोर्ड आणि मॉनिटर दोन्ही सोडवून ठेवा. मेन वायर आधी तपासा. रबर तडकलेलं असेल किंवा वायर दोनच तारांची असेल तर तीन तारांची नवी घाला. अर्थची तार मॉनिटरच्या चौकटीला, नाण्यांच्या लोखंडी दाराला आणि कंट्रोल पॅनेल धातूचं असेल तर त्यालाही पोचली पाहिजे. खेळणाऱ्याचे हात तिथेच असतात.

फ्यूज एकेक काढून मीटरने बघा आणि त्यावरचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. ३ अँपिअरच्या जागी १० अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीच्या कागदाची गुंडाळी निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. फ्यूज वारंवार का उडतोय हे शोधायचा कंटाळा केला की असं होतं; आता ते कारण तुम्हाला शोधावं लागेल.

पहिल्यांदा वीज देताना तो १०० वॅटचा बल्ब मेनच्या फेज तारेत सिरीजमध्ये जोडा. बल्ब लखकन पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. सगळा शॉर्ट बल्बवर जातो, मशीनवर नाही. पुढे हाच बल्ब लावून मॉनिटर जोडाल तेव्हा ट्यूबभोवतीच्या डिगॉसिंग कॉइलमुळे (पडद्याला लागलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्यामुळे) बल्ब दोन-तीन सेकंद जास्त उजळतो, त्याने दचकू नका.

बल्ब काढून आता व्होल्टेज मोजा:

५ व्होल्टची लाइन: ४.९ ते ५.१
१२ व्होल्टची लाइन: ११.५ ते १२.५
उणे ५ व्होल्टची लाइन: उणे ४.७५ ते उणे ५.२५

उणे ५ कडे दुर्लक्ष नको. १९८०च्या सुमाराच्या बोर्डांवरची ४११६ जातीची रॅम ती लाइन नसताना जळू शकते.

जुना सप्लाय फारच खराब असेल तर लोक त्या जागी नवा स्विचिंग सप्लाय बसवतात, आणि त्यात काही गैर नाही. पण त्या भरात जुना मोठा ट्रान्सफॉर्मरही काढून टाकतात, आणि इथेच घोळ होतो. बहुतेक आर्केड मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच वीज द्यायची असते, कारण त्यांची चासी, म्हणजे सर्किट बसवलेली चौकट, मेनपासून वेगळी केलेली नसते. ट्रान्सफॉर्मर गेला की मॉनिटरची ग्राउंड थेट मेनला जोडली जाते. गेम बोर्ड जळतो, फ्यूज फुटतो आणि हात लावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. सप्लाय बदला, मॉनिटरचा ट्रान्सफॉर्मर मात्र जागेवर राहू द्या.

गेम बोर्ड

१९८५मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने जामा हे सामाईक वायरिंग ठरवलं: ५६ टोकांचा, दोन्ही बाजूंना २८-२८ टोकं असलेला कनेक्टर. त्यानंतरचे पुष्कळसे बोर्ड त्याला थेट बसतात. १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ वर ५ व्होल्ट, ५ वर उणे ५, ६ वर १२ व्होल्ट, आणि ७ व्या जागी खाच, म्हणजे की. ही खाचेची पट्टी गळून पडली असेल तर नवी बसवल्याशिवाय बोर्ड लावू नका. कनेक्टर उलटा बसला तर ६ वरचे १२ व्होल्ट २३ व्या जागी, म्हणजे बटणाच्या इनपुटवर जातात.

त्याआधीच्या मशीनचं वायरिंग ज्याचं त्याचं वेगळं. पॅक-मॅनच्या (१९८०) बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टचा एसी येतो आणि त्याचा डीसी बोर्डावर होतो. सगळा करंट ४४ टोकांच्या कनेक्टरमधून वाहतो, म्हणून त्याची एसीची टोकं तापून तपकिरी पडतात. कनेक्टर जळका दिसला तर घासत बसू नका, नवा लावा.

बोर्डाची कनेक्टरमध्ये जाणारी कड पांढऱ्या मऊ खोडरबराने घासा आणि अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावलात तर वरचा मुलामा जातो आणि तांबं उघडं पडतं. बॅटरी शोधा. डिफेंडर, जाउस्ट, रोबोट्रॉन यांच्या बोर्डावर तीन साधे एए सेल असतात आणि त्यांचा पाझर आसपासच्या पट्ट्या खातो. हिरवा-पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने उतरवा, मग पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि नवे सेल बोर्डापासून लांब, वायर ओढून बसवा. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांत उलटं आहे. तिथली ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी गेम उलगडायची किल्ली जपते. ती संपली किंवा बेसावधपणे काढली की किल्ली पुसली जाते आणि गेम सुरूच होत नाही.

सॉकेटमधले आयसी, विशेषतः रॉम (गेमचा प्रोग्रॅम साठवलेले आयसी), एकेक करून अर्धा मिलिमीटर वर उचलून परत दाबा. एवढ्यानेच कित्येक मेलेले बोर्ड उठतात, कारण खोट आयसीत नसते, पायांवरच्या ऑक्साइडमध्ये असते. एका वेळी एकच आयसी काढा, खाच कुठल्या बाजूला होती ते बघून ठेवा आणि रॉमच्या काचेवरचं लेबल निघालं असेल तर ती काच झाका.

बोर्ड जोडून वीज दिल्यावर ५ व्होल्ट पुन्हा मोजा, पण सप्लायवर नव्हे, बोर्डावर. १४ पायांचा ७४ मालिकेतला एखादा साधा गेट आयसी गाठा. बहुतेकांत ७ वा पाय ग्राउंड आणि १४ वा ५ व्होल्टचा. सप्लायवर ५.१ आणि आयसीवर ४.७ दिसलं तर मधला फरक कनेक्टर खातोय. सप्लायचा स्क्रू फिरवून तो फरक भरून काढायचा मोह होईल. तसं केलं की कनेक्टर आणखी तापतो आणि आणखी खातो. कनेक्टर दुरुस्त करा. गेम पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर पहिला संशय याच ५ व्होल्टवर घ्या, रॉमवर नंतर.

मॉनिटर

चित्र काय सांगतंय ते आधी वाचा. कडा नागमोडी होत असतील किंवा आडवा पट्टा वर सरकत असेल तर फिल्टर कपॅसिटर. वरचा भाग दुमडला किंवा चित्र उभं आक्रसलं तर व्हर्टिकल भागातले कपॅसिटर. पडद्यावर एकच आडवी रेघ राहिली तर व्हर्टिकल भाग बंद आहे. ब्राइटनेस लगेच कमी करा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर कायमची उमटेल. एक रंग गायब असेल तर ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डावर ड्राय सोल्डर, म्हणजे तडकून सुटलेला टाका, शोधा. फ्यूज गेलाय, काहीच नाही, तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का ते मोजा. त्यामागे अनेकदा हाय व्होल्टेज बनवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे टीव्ही मेकॅनिकचा ईएचटी किंवा एलओटी, गेलेला असतो. ट्रान्झिस्टर बदलताना त्याच्या खालचा अभ्रकाचा पातळ तुकडा परत घाला. तो घालायचा राहिला की नवा ट्रान्झिस्टर पहिल्या सेकंदाला जातो.

मॉनिटर वर्षानुवर्षं बंद असेल तर सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाका. एका चासीवर साधारण २०-२५ असतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं. एक काढा, एक लावा, मग पुढचा. सगळे काढून मग लावायला बसलात तर उलटसुलट होणारच, आणि उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो. छापलेल्या अधिक-उणे खुणेपेक्षा मूळ कपॅसिटर कसा होता ते जास्त खरं माना. छपाई चुकलेले बोर्ड असतात. यादीत एखादा ध्रुव नसलेला कपॅसिटर असतो, त्या जागी साधा लावू नका. फ्लायबॅकजवळच्या जास्त व्होल्टच्या फिल्म कपॅसिटरच्या मायक्रोफॅरडच्या आकड्यात अजिबात बदल नको. तो कमी पडला की हाय व्होल्टेज भलतंच वर जातं.

भिंगाने सगळे जुने टाके न्याहाळा. पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं की तो ड्राय सोल्डर, जुनं सोल्डर ओढून नवा टाका घाला. मग बी-प्लस, म्हणजे चासीचा मुख्य डीसी पुरवठा, मोजा. बहुतेक १९ इंची रंगीत चासींत ते १२० ते १३० व्होल्टच्या आसपास असतं, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मानेवरच्या, रंगाने चिकटवलेल्या चुंबकी कड्या फिरवू नका. रंग फाटले असतील तर आधी डिगॉस करून बघा.

अॅस्टेरॉइड्स (१९७९) किंवा टेम्पेस्टसारखे (१९८१) गेम व्हेक्टर मॉनिटरवर, म्हणजे नुसत्या रेषांनी चित्र काढणाऱ्या मॉनिटरवर, चालतात. त्यांची चासी वेगळी, दोष वेगळे. पहिलं मशीन म्हणून ते घेऊ नका.

बटणं आणि जॉयस्टिक

जुन्या बटणांत पानासारखे दोन धातूचे पत्ते असतात, म्हणून त्याला लीफ स्विच म्हणतात. टोकांवर मुलाम्याचा बारीक ठिपका असतो. कानसीने घासला की तो जातो. व्हिजिटिंग कार्डाची बोटभर पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन ठिपक्यांमध्ये घाला, पत्ते बोटांनी हलके दाबून पट्टी ओढून काढा. पट्टीवर करडी रेघ उमटेल. नवी पट्टी घेऊन रेघ येणं थांबेपर्यंत करा, सहसा तीन-चार वेळा. मग फट साधारण १ ते २ मिलिमीटर राहील असे पत्ते वाकवा. जवळ असले की बटण आपोआप दाबलं जातं, लांब असले की खेळताना बोट दुखतं.

पॅक-मॅनला चार दिशांची जॉयस्टिक लागते. आठ दिशांची बसवली तर वळणावर दोन दिशा एकदम लागतात आणि चक्रव्यूहात गडी अडकतो. नवी बटणं घेताना भोकाचा व्यास मोजा: अमेरिकी पद्धतीची साधारण २८.५ मिलिमीटर, जपानी ३० किंवा २४. सेंटिपीडसारख्या (१९८१) ट्रॅकबॉलमध्ये (हाताने फिरवायच्या चेंडूत) दोष बहुधा रुळांभोवती गुंडाळलेल्या केसांचा किंवा गंजलेल्या बेअरिंगचा असतो. रुळावर खोल चरा पडला असेल तर रूळच बदला.

लाकूड आणि कडेची पट्टी

तळ पाण्याने फुगलेला असतो, विशेषतः पार्टिकल बोर्डाचा. थोडं मऊ झालं असेल तर पातळ इपॉक्सी मुरवा आणि दोन्ही बाजूंना मेणकागद लावून फळ्यांमध्ये शिकंज्याने रात्रभर आवळा. भुगा होत असेल तर सरळ रेषेत कापून त्याच जाडीचा नवा तुकडा डोवेल (लाकडी खुंट्या) आणि गोंदाने जोडा. जाडी कॅलिपरने मोजा. १६ आणि १९ मिलिमीटर दोन्ही आढळतात. खड्ड्यांना गाडीच्या पत्र्याला लावतात ती दोन भागांची पुट्टी, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. बाजूची मूळ चित्रं निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर ती तशीच ठेवावीत, नुसतं सौम्य साबणाने पुसावं, असं आमचं ठाम मत आहे. झिजलेलं मूळ चित्र नव्या स्टिकरपेक्षा जास्त मोलाचं. रंगवायचंच असेल तर आधी सगळ्या चित्रांवरून ट्रेसिंग पेपरने आकार उतरवून घ्या.

समोरची वरची पाटी आणि मॉनिटरभोवतीची काच यांचा रंग आतल्या बाजूने छापलेला असतो. ती बाजू पाण्यानेही धुऊ नका, रंग पापुद्र्यासारखा सुटतो. फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका.

कडेची टी-मोल्डिंग, म्हणजे टी आकाराची प्लॅस्टिकची पट्टी, सगळ्यात शेवटी. कणा खाचेत हाताने दाबा आणि रबरी हातोडीने हळूहळू ठोकत जा. बाहेरच्या वळणावर कण्याला व्ही आकाराच्या दोन-तीन खाचा पाडल्या नाहीत तर पट्टी उचकते. प्लॅस्टिक ताठ असेल तर हेअर ड्रायरने ऊब द्या. ताणून लावू नका. थंड झाल्यावर ती आखडते आणि टोकाला बोटभर लाकूड उघडं पडतं.

सगळं जागेवर आलं की मागचं दार उघडं ठेवून दोन तास मशीन चालवा. दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन वास घ्या, आवाज ऐका, मल्टिमीटरने ५ व्होल्ट बघा. मग एका जाड कागदावर प्रत्येक फ्यूजचा अँपिअरचा आकडा, बोर्डावर मोजलेले व्होल्ट, बदललेल्या कपॅसिटरची तारीख आणि वायरिंगमधले तुम्ही केलेले बदल लिहा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या आतल्या बाजूला टाचा, आणि दाराला कुलूप लावा.